गावात राहतं कोण?

मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यात आम्ही राहतो त्या गावाच्या तोंडाशीच पाटी आहे: बाहेरून आलेल्याने चोवीस तासांच्या आत कळवावे. कळवायचं पाक आर्टेंना, म्हणजे काही मोजक्या घरांच्या वस्तीच्या प्रमुखाला. नवऱ्याची नोकरी सोलोजवळच्या कापड गिरणीत. वसाहत सोडून आम्ही इथे भाड्याने घर घेतलं तेव्हा आमचीही वर्दी अशीच गेली. भाडं दोन वर्षांचं एकदम द्यावं लागलं. विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे इथली पूर्ण मालकी, 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाच्या नावावर केली तर व्यवहार रद्द आणि जमीन सरकारजमा. म्हणून बालीत स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेण्याचा उद्योग चालतो, आणि त्या स्थानिकाची नियत फिरली की गोरे साहेब वकिलांच्या पायऱ्या झिजवतात.

मला याचा राग नाही. अनिवासी भारतीय म्हणून भारतातही मला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर तेवढी ठेवता येते.

गाव शांत आहे असं पाहुणे म्हणतात. पहाटेचा भोंगा, कोंबडे, दारोदार फिरणारी भात सडायची गिरणी आणि कापणीनंतर खाचरात सोडलेली शेकडो बदकं ज्यांनी ऐकली नाहीत, त्यांनी खुशाल म्हणावं. पण भांडणाचा आवाज मात्र खरंच कमी. जमीन इतकी थोडी असताना हे कसं, याचं मला नवल वाटतं. जावा बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, आणि २०२० च्या जनगणनेत तिथली माणसं पंधरा कोटींच्या वर. अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन कसणाऱ्याला इथे 'गुरेम' शेतकरी म्हणतात आणि आमच्या गावात बहुतेक सगळे तेच. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेत सरासरी धारणक्षेत्र सव्वा हेक्टरच्या पुढे होतं. आपण त्याला तुकडे म्हणतो.

इथे घराभोवती भिंत नसते. परड्यात केळी, नारळ, मेलिंजोचं झाड, मागच्या बाजूला मागूर माशांची टाकी, आणि या सगळ्यातून शेजाऱ्यांची पायवाट. आमच्या न्हाणीघरामागून रोज किती माणसं जातात हे मी आता मोजत नाही. रात्री प्रत्येक घराच्या ओसरीवर टांगलेल्या डबीत मूठभर तांदूळ किंवा सुटी नाणी ठेवायची. पाळीवर गस्त घालणारे पुरुष ती गोळा करतात आणि त्यातून दिवाबत्ती, आजारपण, मयतीचा खर्च निघतो. याला 'जिम्पितान' म्हणतात. कुणाकडे लग्न असलं की बायकांनी आदल्या दिवसापासून त्यांच्या चुलीपाशी हजर व्हायचं. कालवा साफ करायला घरटी एक माणूस. डबी रिकामी राहिली तर कुणी काही बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. या लोकांच्या लेखी गावचा माणूस कोण, ते इथेच ठरतं. कागद नंतर.

आणि मौज अशी की कागदही कधीकाळी तसंच म्हणत होता. १९६१ च्या जमीनसुधारणा नियमांनुसार शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात, फार तर शेजारच्या तालुक्यात राहिला पाहिजे. १९६४ ची भर अशी, की सलग दोन वर्षं बाहेर राहिलात तर जमीन तिथे राहणाऱ्या माणसाला देऊन टाका. सरकारी नोकरांना सवलत होती. ती कुठल्या देशात नसते? हा नियम रद्द झालेला नाही, पण तो पाळला जात असता तर जाकार्तातल्या मंडळींची निम्मी भातशेती गावाकडे परत आली असती, असा माझा अंदाज. तो न पाळला जाण्याचं एक कारण याच जिल्ह्यात आहे. १९६४ मध्ये क्लातेनच्या कुळांनी आणि कम्युनिस्ट शेतकरी संघटनेने सरकारची वाट न पाहता जमिनींचा ताबा घ्यायला सुरुवात केली. १९६५ च्या अखेरीस जावाभर कत्तली झाल्या आणि जमीनसुधारणा हा शब्दच धोक्याचा ठरला. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या इबू त्या वर्षांबद्दल विचारलं की चहा ओततात.

कायदा गोठला तरी पैसा थांबला नाही. पूर्व जावात तुबानजवळच्या एका गावाला रिफायनरीच्या जमिनीचा मोबदला मिळाला आणि २०२१ मध्ये गावात एकदम नव्या कोऱ्या गाड्यांची रांग लागली. ती चित्रफीत देशभर फिरली. सोलो-योग्यकार्ता द्रुतगती मार्गाने क्लातेनची उत्तम खाचरं गिळली, तिथेही लोक रातोरात श्रीमंत झाले. समृद्धी महामार्गाच्या वेळी आपल्याकडे हेच पाहिलं होतं.

आता घरचे वाद. कोकणात बाहेरच्यांनी जमिनी लाटल्या, नाणार आणि बारसूला प्रकल्पाची कुणकुण लागताच परक्यांनी सातबारे केले, हा आरोप मी इथे बसून बातम्यांत वाचते आणि तो मला पटतोही. पण परक्याला जमीनच नको, हा त्यावर काढला जाणारा उपाय ऐकला की थांबते. शेतजमीन फक्त शेतकऱ्याला, हा कुळकायद्याचा नियम आपल्याकडे आहेच. बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि शेतकरी कोण? व्यवहारात, ज्याच्या बापजाद्यांच्या सातबाऱ्यावर नाव आहे तो. म्हणून मी शेतकरी. भाताचं रोप लावताना मुळं किती खोल घालायची हे मी जावात शिकले, तरीही साताऱ्याच्या तलाठ्याच्या दप्तरात मी शेतकरी आहे. बोगस दाखल्यांचा बाजार चालतो तो याच फटीतून. रक्त तपासता येतं असं आपण समजतो, आणि कागद विकत मिळतो.

आपल्याच कायद्याचा मूळ विचार वेगळा होता. १ एप्रिल १९५७, कृषक दिन: कसणारं कूळ मालक झालं. दूर बसलेल्या मालकाविरुद्धच तो कायदा होता. आज त्या कुळांची नातवंडं पुण्यात, बंगळुरात, आणि माझ्यासारखी क्लातेनमध्ये. दूर बसलेले मालक आता आम्ही आहोत. यावर मात्र कुठल्या पक्षाची सभा झालेली मी ऐकली नाही.

'तू तिकडे, तुला काय करायचीय जमीन?' हे वाक्य बोललं जातं ते फक्त लेकींना. वडील गेल्यावर दादाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला तेव्हा तेच कारण होतं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला. तेव्हापासून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणींच्या सह्या सुरू आहेत, बहुतेक वेळा एका साडीवर. दादा हिंजवडीला असतो. गावी वर्षातून एकदा, जत्रेला. त्याला हा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

इथे वाटणीच्या दोन रीती आहेत. एक, मुलगा-मुलगी सारखे. दुसरी, मुलाला कावडीतल्या दोन टोपल्या आणि मुलीला पाठीवरची एक. दुसरी रीत मला अजिबात गोड वाटत नाही, आणि जावा म्हणजे बायकांचा स्वर्ग असं सांगायला मी बसलेले नाही. पण आईवडिलांचं घर बहुधा त्यांच्यापाशी राहिलेल्या शेंडेफळाकडे जातं, मग ती मुलगी का असेना. शेजारच्या इबूंचे दोन्ही मुलगे जाकार्ताकडे, धाकटी इथे. घर तिचं, हे सगळ्यांनी आधीच धरून टाकलंय. मुलगे ईदला येतात, पाहुण्यासारखे जेवतात, जातात.

परक्याला जमीन नको, असं ज्यांना वाटतं त्यांनी जात, प्रांत आणि आडनाव बाजूला ठेवून राहण्याची अट घालून पाहावी. विकत घेणाऱ्यालाही आणि वारसालाही, भावालाही आणि बहिणीलाही. जावात ती अट कागदावरच उरली, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडेही पळवाटा निघतील. तरी 'तुझा आजा कोण' यापेक्षा 'तू पेरणीला कुठे होतास' हे विचारणं मला सरळ वाटतं. माझं नाव त्या अटीत सगळ्यात आधी कटेल.

दादाचा मसुदा मी सही न करता ठेवलाय. आमचं खातं अजून आजोबांपासूनचं सामाईक आहे आणि त्यातले सव्वादोन एकर चुलतभाऊ कसतो, अर्धलीने. हक्क सोडायला माझी ना नाही, पण कागदावर नाव त्याचं हवं, आणि शेजारी दादाचंही हक्कसोडपत्र हवं, असं कळवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.