पक्ष तळात आहे की नुसता फलकावर?

पक्षाची ताकद सांगताना नेते सदस्यसंख्या सांगतात. मिस्ड कॉलवर झालेला सदस्य मी तरी धरत नाही. मतमोजणीच्या रात्री केंद्रात कोण बसलंय, ते बघावं.

केनियात अध्यक्षपदाच्या निवडणुकीत प्रत्येक मतदान केंद्राचा निकाल '३४-ए' फॉर्मवर लिहितात. उमेदवारांच्या एजंटांनी सही करायची, प्रत घ्यायची. २०१७ मध्ये केंद्रं ४० हजारांवर होती. पहाटेपासून मोजणी संपेपर्यंत एकटा माणूस टिकत नाही, बदली लागतोच. म्हणजे एका पक्षाला ८० हजार माणसं, त्यांचं जेवण, प्रवास, भत्ता. एजंट गैरहजर होता एवढ्यावरून निकाल बाद होत नाही. उलट तक्रार करायला पक्षाच्या हातात स्वतःची प्रतच राहत नाही. १ सप्टेंबर २०१७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली, त्या खटल्यात हेच फॉर्म कळीचे होते.

ही फौज ऐनवेळी रोजावर उभी केली की काय होतं? भत्ता वाटणारा मध्येच हात मारतो, एजंट दुपारी गायब होतो, नाहीतर समोरच्याला फुटतो. टिकतो तो वर्षभर पक्षाशी बांधलेला माणूस.

बांधायच्या तऱ्हा वेगळ्या. टांझानियात १९६०च्या दशकात, एकपक्षीय काळातच, दहा घरांमागे पक्षाचा एक प्रमुख असू लागला. भांडण मिटवायचं तरी लोक त्याच्याकडे जायचे. बहुपक्षीय पद्धत १९९२ मध्ये आली तेव्हा विरोधकांना ही वीण शून्यातून विणायची होती, तीही सत्तेशिवाय. अर्जेंटिनात वस्तीतला 'पुंतेरो', म्हणजे पक्षाचा गल्लीतला माणूस, औषधं, धान्य, सरकारी कामं मिळवून देतो. मत गुप्त असतं, म्हणून सभेला किती माणसं आणली यावर त्याची किंमत ठरते. आणि तो फुटला की अख्खी गल्ली घेऊन जातो, कारण उपकार त्याचे असतात, पक्षाचे नव्हेत.

घानाच्या एनपीपी (न्यू पॅट्रिऑटिक पार्टी) या पक्षाने २०१० मध्ये अध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना मतदान केंद्रापर्यंतच्या पदाधिकाऱ्यांना मताचा हक्क दिला. मतदार काही हजारांवरून लाखापलीकडे गेले. इतके जण विकत घेणं परवडणार नाही, हा हिशेब. पण पक्षांतर्गत निवडणुकांतला पैसा काही थांबला नाही, पाकिटं वाढली इतकंच. तरी मला ही सुधारणा बरी वाटते. निदान केंद्रावरच्या माणसाला कुणीतरी विचारायला येतं.

खर्च मात्र बहुतेक ठिकाणी उमेदवारच करतो. म्हणून तो पडला किंवा पक्ष सोडून गेला की कार्यकर्त्यांची यादी, फोन नंबर आणि कार्यालयाची किल्ली, सगळं त्याच्याबरोबर जातं.