अविनाशकडे जाऊन येतो

आमच्या घरात रात्री कोणती भाजी करायची यावर एकमत व्हायला पाऊण तास लागतो आणि शेवटी बटाटाच होतो. अशा घरानं मे महिन्यातल्या अकरा रात्री कोण कुठल्या गावात झोपणार, हे फेब्रुवारीत कागदावर लिहून बुकिंगच्या प्रिंटसकट सादर करायचं होतं. युरोपात फिरायच्या शेंगेन व्हिसाला माणशी 90 यूरो लागतात, 30,000 यूरोंचा विमा लागतो, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं. ते सगळं जमवता येतं. एकमत कुठून आणायचं?

फ्रान्सचं खूळ आधी लेकीच्या डोक्यात शिरलं. शाळेत तिची तिसरी भाषा फ्रेंच. दक्षिण फ्रान्समधल्या आविन्यों शहराच्या पुलावर सगळे गोल गोल नाचतात, असं एक गाणं तिला वर्गात शिकवलं आणि ते आम्ही तीन वर्षं अंघोळीच्या वेळी बंद दाराआडून ऐकतोय. तिला तो पूल बघायचा होता. मला त्याच भागातली, म्हणजे प्रोव्हान्समधली लव्हेंडरची शेतं बघायची होती. क्षितिजापर्यंत जांभळ्या रांगा आणि मधोमध पांढऱ्या ड्रेसमध्ये मी. ड्रेस दिवाळीच्या सेलमध्येच घेऊन ठेवला होता. नवऱ्याला परदेशात गाडी चालवायची होती, देश कुठला का असेना. आणि सासूबाईंना कुठेच जायचं नव्हतं, पण मागेही राहायचं नव्हतं.

पहिली ठिणगी पुलावरूनच पडली. हा पूल बाराव्या शतकातला. बेनेझे नावाच्या धनगराच्या पोराला दृष्टांत झाला, त्यानं एक अजस्र शिळा एकट्यानं उचलून नदीत टाकली आणि बांधकाम सुरू झालं, अशी कथा. इथपर्यंत सासूबाई मान डोलवत होत्या. पुढे रोन नदीच्या पुरांनी तो वारंवार वाहून गेला. सतराव्या शतकात लोकांनी डागडुजीचा नाद सोडला, आणि आता 22 कमानींपैकी चारच उभ्या आहेत. म्हणजे तिकीट काढून पुलावर चढायचं, नदीच्या मध्यापर्यंत जायचं आणि परत यायचं.

"अर्ध्या पुलाला तिकीट?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्याकडे अर्धे पूल फुकट दिसतात."

नवऱ्यानं एक्सेल शीट उघडली. त्याच्याकडे प्रत्येक कौटुंबिक कलहावर एक्सेल शीट हाच उतारा असतो. आडवे दिवस, उभ्या इच्छा. आणि तिथेच माझ्या लव्हेंडरचा निकाल लागला. लव्हेंडर फुलतं जूनच्या शेवटी. जुलैच्या मध्यापर्यंत वालांसोलच्या पठारावरची कापणी उरकायलाही लागतात. लेकीची शाळा उघडते जूनच्या मध्यात. मेमध्ये लव्हेंडर कसं दिसतं, हे मी शोधून पाहिलं. राखाडी-हिरव्या झुडपांच्या रांगा. कुणी सांगितलं नाही तर कोबीचा वाफा वाटावा. सेनांकच्या मठापुढचं लव्हेंडर तर जगभर कॅलेंडरांवर छापलेलं असतं. मठाची स्थापना 1148 सालची, साधू मौन पाळणारे. त्यांच्यापुढे पांढऱ्या ड्रेसमध्ये कोबीत उभं राहून फोटो काढून घ्यायचा, या कल्पनेनं मीही थोडा वेळ मौनात गेले.

"आठवडाभर शाळा बुडवली तर?" मी विचारलं. म्हणजे मी, जी ताप 99 असताना मुलीला शाळेत पाठवते.

मग नवऱ्यानं दुसरा कॉलम दाखवला. जुलैत आविन्योंत मोठा नाट्यमहोत्सव असतो. 1947 साली जाँ व्हिलार यांनी तो सुरू केला. त्या दिवसांत तटबंदीच्या आतलं शहर खच्चून भरतं आणि खोल्यांचे भाव बघून पापण्या लवत नाहीत. यावर सासूबाई पहिल्यांदाच पुढे सरकून बसल्या. नाटक म्हटलं की त्यांचं तसं होतं. नवऱ्यानं उत्साहात सांगितलं की 1985 साली पीटर ब्रूक या इंग्रज दिग्दर्शकानं याच महोत्सवात महाभारत केलं होतं, गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत, नऊ तासांचं.

"नऊ तास?" सासूबाईंचा चेहरा उजळला. "मध्ये चहा होता का?"

ते चाळीस वर्षांपूर्वी झालं, आता नसतं, हे त्यांना पटवायला पुढचा आठवडा गेला.

शेवटी मे ठरला. माझी समजूत म्हणून मला खसखशीच्या जातीची लाल फुलं देण्यात आली. ती प्रोव्हान्सच्या माळावर मेमध्ये खरंच फुलतात. शिवाय चेरीचा हंगाम. पांढऱ्यावर लाल जास्त उठून दिसतं, असं नवरा म्हणाला. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण रंगसंगतीवर त्यानं तोंड उघडल्याचं हे पहिलंच उदाहरण. मी ते लिहून ठेवलं आहे.

प्रवासाचं काम त्यानं अंगावर घेतलं. पॅरिसला उतरून 'गार द लियों', म्हणजे लियों स्टेशनाहून, गाडी पकडायची म्हणजे आधी पॅरिसहून लियोंला जावं लागणार, असं समजून त्यानं एक अख्खा दिवस त्यात घातला होता. गार द लियों पॅरिसमध्येच आहे, असं लेकीनं सांगितलं, तेव्हा तो अर्धा तास कुणाशी बोलला नाही. तिथून तेजेव्हे ही वेगवान गाडी पावणेतीन तासांच्या आत आविन्योंला पोचवते, पण आविन्योंतही दोन स्टेशनं आहेत. वेगवान गाड्यांचं गावाबाहेर आणि जुनं तटाला लागून. मध्ये पाच-सहा मिनिटांची छोटी गाडी. "कुर्ला टर्मिनस म्हणजे कुर्ला नव्हे, तसं," मी म्हटलं आणि घरातल्या सगळ्यांना एका फटक्यात कळलं. युरोपच्या पर्यटन खात्यांनी ठाण्याची माणसं ठेवायला हवीत.

गाडी चालवण्याचा भाग मात्र चिघळला. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आला आणि त्या रात्रीपासून नवरा सोफ्यावर बसून उजव्या हातानं हवेत गिअर टाकू लागला. फ्रान्समध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि दर दोन पावलांवर गोल चौक असतो. आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग आपण शिरायचं आणि घड्याळाच्या उलट दिशेनं वळसा घालायचा. त्याच्या सरावासाठी त्यानं जेवणाच्या टेबलाच्या मध्यभागी लोणच्याची बरणी ठेवली आणि तिच्याभोवती माचिसची डबी फिरवू लागला. सासूबाई चष्म्यावरून बघत होत्या.

"ही उलटी प्रदक्षिणा झाली."

"आई, तिकडे तशीच असते."

"असेल. मी गाडीत असताना नको."

यावर अजूनही तोडगा नाही. चौक आला की त्या डोळे मिटून रामरक्षा म्हणणार, एवढं तूर्त मान्य झालंय. गूगल मॅपवर आमच्या वाटेवरचे चौक मोजले, तर रामरक्षा बहुधा पूर्ण होईल.

खेड्यातलं घर शोधायचं काम माझ्याकडे आलं. अशा भाड्याच्या घराला तिकडे 'जीत' म्हणतात, पण मिळवताना हरल्यासारखंच होतं. बऱ्याच मालकांचा हिशोब शनिवार ते शनिवार. आमचं स्वस्तातलं विमान मंगळवारचं. म्हणून चार रात्री शहरात, सात रात्री खेड्यात, एकूण अकरा. चादरी-टॉवेल पुष्कळ ठिकाणी आपले आपण न्यायचे किंवा वेगळे पैसे भरून घ्यायचे, हे खाली बारीक अक्षरात. सासूबाईंनी ताबडतोब माळ्यावरून दोन गोधड्या काढल्या. त्यात रोनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून सुटणारा मिस्ट्राल वारा ताशी 100 किलोमीटरपर्यंतही जातो, हे लेकीनं वाचून दाखवलं. गोधड्या तीन झाल्या आणि पाचवारीसाठी सेफ्टी पिनांचं पाकीट आलं.

गाव कुठलं घ्यायचं, हे मात्र सासूबाईंनी ठरवलं. मी गोर्दचे फोटो दाखवले, डोंगराला चिकटलेली दगडी घरं. "चढ आहे." रुसिय्योंची गेरूची लाल टेकडी दाखवली. "साडीला लागेल." मग फोंतेन-द-वोक्ल्यूझ आलं. उंच कड्याच्या पायथ्याशी एक हिरवंनिळं कुंड आणि तिथून सॉर्ग नदी एकदम निघते, अख्खी. कुंडाचा तळ सापडेना म्हणून माणसं शंभर वर्षं त्यात उतरत होती. शेवटी 1985 साली यंत्र सोडलं, तेव्हा 308 मीटरवर तळ लागला. सासूबाईंनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर नेला आणि बोटांनी फोटो मोठा करून बघितला.

"उगम आहे," त्या म्हणाल्या. "मग तिथेच जाऊ."

त्याच क्षणी तांब्याची लोटी यादीत गेली. जवळच लिल-सुर-ला-सॉर्गला पाणचक्क्या आहेत, रविवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो, हे मी सांगत होते. पण जुनं सामान बघायला परदेशात कशाला जायचं, असं म्हणून त्यांनी माळ्याकडे बोट दाखवलं.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर अजून चर्चा चालू आहे. सासूबाई अंडंही खात नाहीत. दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन, मग स्वयंपाकघरं बंद, रात्री सातनंतर उघडणार. चार वाजता सासूबाईंना चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकायला लागतं, हे फ्रेंच राष्ट्राला माहीत नाही. एकच आशा आहे. तिथून खाली मार्सेयकडे 'पानीस' करतात. चण्याचं पीठ शिजवायचं, थापायचं, गार झालं की कापून तळायचं. म्हणजे थापीव पिठलं. हे ऐकल्यावर सासूबाईंनी फ्रान्सला पहिल्यांदा बरं म्हटलं. आपल्याकडून मात्र दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. "तूप दुधाचं कुठे, तूप लोण्याचं," असा युक्तिवाद बरेच दिवस चालला, पण बेसनाचे लाडू यादीतून गेले ते गेलेच. थालीपिठाची भाजणी राहिली.

मग व्हिसा. अर्जासोबत पत्र जोडायचं, त्यात आपण परत का येणार हे पटवून द्यायचं. नवऱ्यानं नोकरी लिहिली, मी गृहकर्ज लिहिलं. त्यापेक्षा भक्कम बंधन मला तरी ठाऊक नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझं लिही, पावसाआधी कैरीचं लोणचं घालायचंय." मी ते लिहिलं नाही, पण सगळ्यांत खरं कारण तेच होतं.

व्हिसा केंद्रात सासूबाईंच्या बोटांचे ठसे उमटेनात. काउंटरवरच्या मुलीनं काच पुसली, बोटं पुसली, ओला टिश्यू दिला, स्वतःच्या हातानं त्यांचं एकेक बोट धरून दाबलं. मशीन पुन्हा लाल. मागे रांग वाढत होती. सासूबाईंनी हात उलटे करून एकदा नीट बघितले.

"पन्नास वर्षं भाकऱ्या थापल्या गं. रेषा परातीत गेल्या असतील."

मुलगी हसली आणि म्हणाली, "आजी, माझ्या आईचं पण असंच होतं." चौथ्या वेळी हिरवा दिवा लागला. सासूबाईंनी मशीनला नमस्कार केला.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. 'आविन्यों' हा शब्द सासूबाईंच्या जिभेवर कधी बसला नाही. लेकीनं नाकातून कसं म्हणायचं ते शिकवलं. त्यांनी दोन दिवस प्रयत्न केला, सर्दी झाल्यासारखं वाटतं म्हणून सोडला आणि ओळखीच्या शब्दावर स्थिरावल्या. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, मेमध्ये कुठे?

"अविनाशकडे."

"कोण, तुमच्या भावाचा?"

"नाही हो, फ्रान्सचा."

लिफ्ट तेवढ्यात तिसऱ्यावर थांबली. पोपांच्या राजवाड्याचं ते शहर कसं, 1309 पासून सात पोप रोम सोडून तिथे का राहिले, हे सांगायला दोन मजले पुरेसे नव्हते. मी गप्प बसले.

काल संध्याकाळी बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, हातात स्टीलचा डबा. झाकणाला रबर लावलेलं, तरी साजूक तुपाचा वास पार स्वयंपाकघरापर्यंत आला.

"बेसनाचे आहेत," काकू म्हणाल्या. "अविनाशला द्या. एकटाच असतो ना तिकडे बिचारा?"

मी तोंड उघडलं. दुधाचे पदार्थ, युरोपचा नियम, शहर, पूल, सगळं एकदम सांगायचं होतं. तोवर सासूबाई माझ्या पुढे येऊन डबा दोन्ही हातांनी घेऊनही मोकळ्या झाल्या होत्या.

"देते हो," त्या म्हणाल्या. "तुपातले त्याला फार आवडतात."