अल्बट्रॉस विरहाने मरत नाही

अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याबद्दलचा एक मजकूर सध्या भरपूर फॉरवर्ड होतोय: हा पक्षी पहिल्या भेटीतच जोडीदार निवडतो, दोघं कायम सोबत उडतात, आयुष्यभर दुसऱ्याकडे बघत नाहीत, आणि एक गेला की दुसरा अन्नपाणी सोडून जीव देतो.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण तो साफ खोटा आहे. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर येणाऱ्या ‘विज्डम’ या लेसन जातीच्या अल्बट्रॉस मादीच्या पायात १९५६ मध्ये पक्षीतज्ज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी ओळखीचं कडं घातलं. तेव्हाच ती किमान पाच वर्षांची असावी. जुना जोडीदार येईनासा झाला, तरी ही आजी येत राहिली आणि २०२४ मध्ये तिने दुसऱ्या नराच्या साथीने अंडं घातलं. जोडीदार गेल्यावर विणीचे एक-दोन हंगाम वाया जाऊ शकतात, हे मात्र खरं.

पहिल्या भेटीत निवड? छे! तीन-चार वर्षं समुद्रावर काढून पिल्लं बेटावर परततात, आणि मग त्यांची नाचाची उमेदवारी सुरू होते. दोघं समोरासमोर उभे राहतात, चोचीवर चोच टकटकवतात, पंख किंचित उचलून चोच आत खुपसतात, मग चवड्यांवर उंच होत, मान ताणून आभाळाकडे तोंड करून लांब सूर काढतात. बऱ्याचदा नाच मधेच मोडतो आणि एकजण सरळ दुसऱ्या घोळक्याकडे चालू लागतो. वर्षागणिक नाचातले साथीदार कमी होत जातात. पहिलं अंडं साधारण आठ-नऊ वर्षांच्या वयात. जोडी मुरली की नाच जवळजवळ थांबतोच. मला तर पहिल्या नजरेच्या प्रेमापेक्षा ही वर्षानुवर्षांची पारख कितीतरी मोठी वाटते.

सोबत उडणंही नाही. अंडं सुमारे ६५ दिवस उबवावं लागतं. एक जण उपाशीपोटी, कधी दोन-तीन आठवडे, बसून राहतो आणि दुसरा तेव्हा दूर समुद्रावर असतो. हंगाम संपला की दोघांच्या वाटा वेगळ्या.

एकनिष्ठपणाचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, पण पूर्ण नाही. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवरच्या काळ्या भुवयांच्या अल्बट्रॉसवरचं संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. समुद्र जास्त तापलेल्या वर्षांत तिथल्या जोड्या अधिक फुटल्या. हवाईतल्या ओआहू बेटावर काएना पॉइंट इथल्या लेसन अल्बट्रॉसच्या वसाहतीत तर जवळपास ३१ टक्के जोड्या दोन माद्यांच्या आढळल्या. तिथे नर कमी आहेत, म्हणून माद्या मिळून पिल्लू वाढवतात.

या मजकुराचा मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. अल्बट्रॉस कशाने मरतात, हे त्यात कुठेच नाही. मासेमारीच्या लांब दोरांवर हजारो गळ असतात. आमिषावर झडप घालणारा पक्षी गळाला अडकतो, दोरासोबत खाली ओढला जातो आणि बुडून मरतो. किनाऱ्यावर त्याचं पिल्लूही उपाशी मरतं. उपाय साधे आहेत: दोराला वजन लावा, तो रात्री सोडा, वर रंगीत पट्ट्या फडकत ठेवा. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाच्या समुद्रात हे नियम काटेकोर पाळले गेले आणि तिथे गळांवर मरणारे अल्बट्रॉस जवळपास शून्यावर आले.