कोस्टारिका जिंकली होती की नाही?

मास्तरांनी आल्या आल्या ठिणगी टाकली. "उदारमतवादी जागतिक व्यवस्था, म्हणजे देशांनी ताकदीवर नाही तर ठरलेल्या नियमांवर चालायचं, वगैरे काही नव्हतंच. बळी तो कान पिळी, एवढाच नियम. पूर्वी कान पिळताना संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं एखादं कलम वाचून दाखवायचे, आता तेवढेही कष्ट घेत नाहीत."

मास्तर इतिहास शिकवतात, त्यामुळे पुरावे तोंडावर. १९८६ साली निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. अमेरिकेनं तो मानला नाहीच, वर सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला. २००३ मध्ये परिषदेची परवानगी नसताना इराकवर स्वारी. २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्राबाबत लवादानं फिलिपिन्सच्या बाजूनं कौल दिला, चीननं तो झिडकारला. "आणि चीनला समुद्री कायदा शिकवणाऱ्या अमेरिकेनं तो करार स्वतः आजवर मंजूर केलेला नाही. घ्या!"

"चोऱ्या होतात म्हणून चोरीविरुद्ध कायदाच नाही म्हणायचं का?" वकील उसळले. "कोस्टारिकाचं उदाहरण घ्या. १९४८ पासून त्या देशाला सैन्य नाही. अमेरिकेनं त्यांच्या सुती अंतर्वस्त्रांच्या आयातीवर मर्यादा घातली, ते जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि १९९७ साली अपिलातसुद्धा जिंकले. निर्बंधही संपला."

"म्हणजे चड्डीचा खटला!" आमच्यातला धाकटा खिदळला.

हसण्यावारी नेण्यासारखा तो खटला नाही, असं मला वाटतं. बिनसैन्याचा देश महासत्तेला कोर्टात खेचतो आणि जिंकतो, हे १९३० च्या दशकात कुणाला सुचलंही नसतं.

पण मास्तर सोडतात होय! "मग कॅरिबियनमधल्या चिमुकल्या अँटिग्वाचंही सांगा की. ऑनलाइन जुगाराच्या खटल्यात तेही जिंकले. वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरपर्यंत अमेरिकेचे बौद्धिक संपदा हक्क बाजूला ठेवता येतील, असं २००७ मध्ये लवादानं ठरवलं. पुढं भरपाईचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं. निकाल हातात, वसुली शून्य."

इथं वकिलांचा आवाज जरा खाली आला, पण मुद्दा त्यांनी नेमका काढला. वसुली न होणं वेगळं आणि कोर्टच बंद पडणं वेगळं. व्यापार संघटनेच्या अपील मंडळावर सात सदस्य असायचे, एक अपील ऐकायला तीन लागायचे. नेमणूक सर्वसहमतीनं, म्हणजे एका देशानं होकार दिला नाही की संपलं. अमेरिकेनं नेमकं तेच केलं. अडवणूक ओबामांच्या काळापासूनची, ट्रम्पनी ती टोकाला नेली, आणि ११ डिसेंबर २०१९ ला मंडळात एकच सदस्य उरला. बायडन आले, गेले, पण मंडळ उभं राहिलं नाही. मंडळ आपली कक्षा ओलांडतं, ही अमेरिकेची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. पण त्यावर उपाय म्हणून खंडपीठच रिकामं ठेवायचं? आता हरणारा देश अपील दाखल करतो, ऐकायला कुणीच नसतं, निकाल तसाच लटकतो. साखर अनुदानाच्या खटल्यात भारतानंही हीच वाट धरली.

धाकट्याचं म्हणणं, अमेरिका मागं सरली तर चीन पुढं येईल, त्यात एवढं काय? मला ते पटत नाही. २००१ मध्ये व्यापार संघटनेत शिरल्यापासून या नियमांचा सर्वाधिक फायदा घेणाऱ्यांत चीन आहे, शिवाय सुरक्षा परिषदेत त्याच्याकडे नकाराधिकार आहे. तो हा डोलारा कशाला पाडेल? मानवाधिकारांचा भाग वगळून बाकी सगळं त्याला हवंच आहे. मोडतोड चाललीय ती बांधणाऱ्याच्या, म्हणजे अमेरिकेच्याच हातून. कुंपणच शेत खातंय.

मास्तरांना हे ऐकून आनंदच झाला. त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे आकडे काढले. २ मार्च २०२२ ला युक्रेनवरील आक्रमणाच्या निषेधाला १४१ देशांचा पाठिंबा, विरोधात ५, तटस्थ ३५. २४ फेब्रुवारी २०२५ ला युक्रेन आणि युरोपीय देशांनी मांडलेल्या ठरावाला ९३ मतं, आणि विरोधी मतांत रशियाच्या जोडीला अमेरिका! "आता बोला."

"बोलतो ना," वकील म्हणाले. "अमेरिका बाहेर असतानाही युरोपीय संघ, चीन, ब्राझील, कॅनडा वगैरेंनी २०२० मध्ये आपसांत हंगामी अपील व्यवस्था उभी केली. मागाहून जपानही आला. एकमेकांचे पक्के प्रतिस्पर्धी, पण खटला चालवायला कोर्ट लागतं हे त्यांना कळतं."

"भारत आहे त्यात?" मी विचारलं.

"नाही."

धाकटा लगेच सरसावला. भारताला मूळ मंडळच पूर्ववत हवंय, अर्धवट पर्याय कशाला स्वीकारायचा? उद्या तोच कायमचा होऊन बसेल.

"भूमिका बरोबर आहे," वकील म्हणाले. "पण मंडळ परत येईपर्यंत आपण जिंकलेल्या खटल्यात समोरच्यानं अपील करून निकाल लटकवला, तर दाद कुठं मागायची?"

"अमेरिकेकडं," मास्तर म्हणाले, आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.