एलडीएल 190च्या वर? मग भावंडांचंही रक्त तपासा

रिपोर्टात कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की घरात पहिला बळी जातो तुपाचा. मग शेंगदाण्याचं तेल की करडईचं यावर खल, उपाशीपोटी लसणाच्या पाकळ्या आणि सकाळचं फिरणं. फिरणं उत्तमच. पण काहींचं कोलेस्टेरॉल खाण्यातून आलेलंच नसतं, ते आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेलं असतं. याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, थोडक्यात एफएच.

जुन्या पुस्तकांत याचं प्रमाण 500 जणांत एक असं असायचं. 2020मध्ये जगभरातल्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा ते साधारण 310 जणांत एक निघालं. महाराष्ट्राची 2011ची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी. हाच दर इथे धरला तर लहानथोर मिळून साडेतीन लाखांच्या वर माणसं होतात. त्यातल्या बहुतेकांना याचा पत्ताच नसतो, कारण हृदयविकाराचा पहिला झटका येईपर्यंत काही दुखत नाही, खुपत नाही.

रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. अमेरिकी संशोधक ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985चं नोबेल याच शोधासाठी मिळालं. एफएचमध्ये बहुधा हे रिसेप्टर बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असते, म्हणून निम्मेच रिसेप्टर कामाला येतात आणि एलडीएल जन्मापासून दुपटीच्या घरात राहतं. चाळिशीतल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांनी तोवर चाळीस वर्षं ते सोसलेलं असतं. उपचार नसतील तर अशा पुरुषांपैकी निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो, आणि बायकांपैकी सुमारे 30 टक्क्यांना साठीच्या आत. पथ्याने एलडीएल फार तर 10-15 टक्के उतरतं. 240चं 210 झालं म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही. आणि ‘मी सडपातळ, शुद्ध शाकाहारी, मला कशाला तपासणी?’ हा युक्तिवाद इथे साफ निकामी आहे.

रिपोर्टात टोटलवर अडकू नका, एलडीएलची ओळ बघा. मोठ्या माणसात 190 (मिग्रॅ/डेसिलिटर) किंवा जास्त, लहान मुलात 160 किंवा जास्त असेल तर शंका घ्यायची. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, बहुधा नॉर्मल असतात. तेच 350 असतील तर आधी साखर, वजन आणि दारूकडे बघा. ट्रायग्लिसराइड्स 400च्या पुढे गेले की हिशोबाने काढलेला एलडीएलचा आकडाच भरवशाचा राहत नाही, तेव्हा ‘डायरेक्ट एलडीएल’ करून घ्यावं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रोटीनही बघायचं, कारण थायरॉइड मंदावल्यानं किंवा किडनीच्या काही आजारांतही एलडीएल असंच चढतं.

दोन ठिकाणी निदान हमखास निसटतं. एक, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी चालू असताना केलेली तपासणी. एटोरवास्टॅटिन 40 मिग्रॅने एलडीएल साधारण निम्मं होतं, म्हणजे आजचं 115 मुळात 230च्या आसपास असणार. दुसरं, झटक्यानंतर काही दिवसांनी केलेली तपासणी. झटका आल्यावर एलडीएल एक-दोन दिवसांत खाली येतं आणि काही आठवडे तसंच राहतं. म्हणून पहिल्या 24 तासांतला रिपोर्ट जपून ठेवा.

अंगावरची खूण टाचेच्या वर सापडते. पोटरीतून टाचेकडे उतरणारा जाड दोर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून बघा. एफएचमध्ये तो रुंद, गाठाळ लागू शकतो. तळहाताच्या मागच्या बाजूच्या अशाच दोरांवरही गाठी येतात आणि वर्षानुवर्षं वात समजून त्यांना तेल चोळलं जातं. बुबुळाभोवती पांढरट कडं आजोबांच्या डोळ्यांत असेल तर फारसं काही नाही, पण पंचेचाळिशीच्या आत दिसलं तर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, कराच. खुणा नाहीत म्हणून एफएच नाही, असं मात्र नव्हे.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते घरच्यांच्या तपासणीकडे. एकाला निदान झालं की प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि प्रत्येक मुलाला हा दोष असण्याची शक्यता निम्मी. जनुकीय चाचणी परवडली तर छान, नाहीतर साधं लिपिड प्रोफाइलही पुरतं. मुलांची तपासणी दहाव्या वर्षाच्या आत व्हावी. गोळी साधारण आठ ते दहाव्या वर्षापासून देतात, अर्थात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

मोठ्यांना एटोरवास्टॅटिन 40-80 किंवा रोसुवास्टॅटिन 20-40 लागतं, तेवढ्याने भागलं नाही तर जोडीला इझेटिमाइब 10. त्यावरही भागलं नाही तर इंजेक्शनं आहेत, पण ती महाग. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. सगळं बिघडतं ते यानंतर: रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद. काही आठवड्यांत आकडा होता तिथे परत. अंग दुखायला लागलं तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. मूल हवं असलेल्या बाईने आधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण गरोदरपणात स्टॅटिन सहसा थांबवतात.

आणि मामाच्या मुलीशी सोयरीक जुळवताना दोन्ही घरांत कमी वयात झटका आलेली माणसं असतील, तर मुलगा-मुलगी दोघांचंही लिपिड प्रोफाइल करून घ्या. दोघांत दोष असला तर प्रत्येक अपत्याला दोन्हीकडून तो मिळण्याची शक्यता 25 टक्के असते. अशा मुलांचं एलडीएल बऱ्याचदा 400च्या वर असतं, कोपर-गुडघ्यांवर पिवळ्या गाठी लहानपणीच येतात आणि उपचार नसतील तर विशीच्या आतच हृदयविकार होऊ शकतो.