टनामागचं उत्सर्जन आणि एकूण उत्सर्जन
‘भारतीय सिमेंट उद्योगाचं उत्सर्जन घटतंय’ असं एका लेखात म्हटलंय; ते विधान अर्धवट आहे. घटलंय ते सिमेंटच्या टनामागचं: १९९६ मध्ये १.१२ टन कार्बन डायऑक्साइड, २०१७ मध्ये ०.६७. उत्पादन मात्र त्याच काळात कितीतरी पटींनी वाढलं, त्यामुळे एकूण आकडा चढलाच.

ओल्या पद्धतीच्या (कच्चा माल पाण्यात कालवून भाजणाऱ्या) भट्ट्या जाऊन कोरड्या, प्रीहीटरवाल्या (माल आधीच तापवून घेणाऱ्या) आल्या, क्लिंकरच्या (भट्टीत चुनखडी भाजून बनणारे खडे, जे दळून सिमेंट होतं) जागी फ्लाय अ‍ॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) आणि स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतला मळ) आलं. सोपी घट तिथेच झाली. आता अडतंय ते चुनखडीपाशी. एक टन क्लिंकर भाजताना अर्ध्या टनाहून जास्त वायू चुनखडीच्या विघटनातूनच निघतो. कोळसा बदला नाहीतर सौर वीज घ्या, तो तसाच राहतो. म्हणजे क्लिंकरच कमी करायला हवं.

पीपीसीत (राख मिसळलेल्या पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये) राखेची मर्यादा ३५ टक्के. राखेमुळे सुरुवातीची मजबुती सावकाश येते, म्हणून आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) किमान १० दिवस क्युरिंग (काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं) सांगतं. साइटवर सातव्या दिवशीच पाणी बंद, आणि तडे गेले की खापर सिमेंटवर! बरं, कोळशाची वीज कमी झाली की राखही आटणार. एलसी३ या नव्या प्रकारच्या सिमेंटमध्ये (निम्मं क्लिंकर, बाकी मुख्यतः भाजलेली माती आणि चुनखडीची पूड) राखेची ती अडचण नाही, पण पाणी जास्त लागतं. त्यामुळे सुपरप्लास्टिसायझरचा (कमी पाण्यात काँक्रीट प्रवाही ठेवणाऱ्या रसायनाचा) खर्च धरूनच हिशेब करावा.