‘लवकरच कळवू’ म्हणजे नेमकं कधी?

पुरे झालं आता. आमच्या कंपनीत पेट्रोल-डिझेलचा विभाग आणि गॅसचा विभाग एक करणार, हे जाहीर होऊन किती महिने झाले, पण कोण कुठे जाणार हे अजून एकालाही माहीत नाही. गणपतीच्या आधी विचारलं तर म्हणाले, दिवाळीपर्यंत चित्र स्पष्ट होईल. दिवाळीत विचारलं तर म्हणाले, मार्च एन्डिंग होऊ द्या. मार्च गेला, शाळांचे प्रवेश तोंडावर आले, आणि एचआरचं उत्तर तेच: लवकरच कळवू.

अहो, ‘लवकरच’ या शब्दावर घर चालत नाही! आमच्यातल्या एकाचं गृहकर्ज मंजूर होऊन पडलंय, तो सही करायला धजत नाही. एकीची मुलगी यंदा बारावीला आहे, नवऱ्याची नोकरी ठाण्यात. हिला उद्या गुजरातेत हजिऱ्याला किंवा नागपूरला टाकलं तर त्या घराने काय करायचं? एका पोराचं लग्न ठरलंय. मुलीकडचे दर भेटीत विचारतात, नोकरी मुंबईतच राहील ना? तो गप्प बसतो. ही माणसं कामचुकार नाहीत. पावसाळ्यात डेपोत पाणी शिरलं तेव्हा रात्रभर थांबलेली माणसं आहेत ही.

टाउन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्या स्टाफच्या सभेत, मोठे साहेब स्टेजवरून सांगतात, ‘या विलीनीकरणात कुणाचीही नोकरी जाणार नाही.’ ठीक आहे. मग त्याच वाक्यात ‘त्याच पदावर, त्याच गावात, त्याच पगारात’ एवढे शब्द का घालत नाही? दोन्हीकडे खरेदीचा माणूस आहे, दोन्हीकडे अकाउंट्सचा आहे, दोन्हीकडे सेफ्टीचा आहे. एका खुर्चीवर दोघं बसणार नाहीत हे आम्हाला कळतं. उरलेल्याचं काय करणार, एवढंच विचारतोय आम्ही. ग्रेडचा घोळ वेगळाच. गॅसवाल्यांच्या पदांची उतरंड निराळी, आमची निराळी. तिकडचा मॅनेजर इकडे कुणाच्या बरोबरीचा धरणार? सीनियॉरिटी नोकरीला लागल्याच्या तारखेपासून मोजणार की ग्रेडमध्ये आल्याच्या तारखेपासून? वर्षानुवर्षं प्रमोशनची वाट बघणाऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे हा, आणि त्यावर उत्तर काय, तर ‘कन्सल्टंट त्यावर काम करताहेत.’ त्या कन्सल्टंटच्या पोरांनी आमच्याकडून कामाची यादी लिहून घेतली, कुठल्या कामाला किती वेळ लागतो तेही घेतलं. कशासाठी घेतलं, ते सांगितलं नाही.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? माणसं एकमेकांपासून तुटली. वर्षानुवर्षं एकत्र डबा खाणारे आम्ही. आता एक्सेलची फाइल मागितली तरी समोरचा आधी विचार करतो, ही दिली तर माझी गरज संपेल का? यात त्याचा दोष नाही. त्याला असं वागायला ज्यांनी भाग पाडलं, त्यांचा आहे. आणि हेच लोक वर आम्हाला ‘वन टीम’ लिहिलेले टी-शर्ट वाटतात!

कायद्याचंही ऐका. 2005 साली वीज मंडळ फोडून महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. ती फाटाफूट बरी की वाईट यावर वाद घाला, पण ज्या 2003 च्या वीज कायद्याखाली ती झाली, त्याच्या कलम 133 मध्ये स्पष्ट लिहिलंय की नव्या कंपनीत जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती आधीपेक्षा कमी फायद्याच्या असता कामा नयेत. एक आख्खा धंदा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तिथल्या कामगारांसाठी औद्योगिक विवाद कायद्यातही तशी सोय होती. पण आमचा मालक तोच, कंपनी तीच, फक्त विभाग एक होणार, म्हणजे कागदोपत्री काही घडलंच नाही! सेवाशर्ती बदलण्याआधी 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्याला. आमच्यासारख्या मधल्या फळीच्या नावापुढे ऑफिसर लावलं की ती नोटीसही गेली. युनियन नाही, नोटीस नाही, यादी नाही. एक दिवस ईमेल येणार आणि सोमवारपासून रिपोर्टिंग दुसऱ्या गावात.

आणि हा फक्त आमच्या पगाराचा प्रश्न नाही, हे वरच्यांच्या डोक्यात कधी शिरणार? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरते, नाल्यात, खड्ड्यात साचते. त्यामुळे टर्मिनलवरच्या, म्हणजे पेट्रोल साठवायच्या मोठ्या डेपोतल्या माणसाची नजर खाली असते. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जाऊन छताशी साठतो. तिथे गळती शोधणारी यंत्रं वर लावतात आणि माणूस वर बघतो. सीएनजीच्या सिलिंडरात 200 बारच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास दोनशे पट दाब असतो. आमच्या टाकीतल्या पेट्रोलवर तसा दाबच नसतो. कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा हे अंगात मुरायला वर्षं जातात. आणि तुम्ही म्हणता, दोन्हीकडचे ऑपरेशन्सवाले ‘मल्टिस्किल’ करू, म्हणजे दोन्ही कामं त्यांच्याकडूनच करून घेऊ, दोन दिवसांचं ट्रेनिंग देऊ, शिफ्टमधली माणसं कमी करू!

29 ऑक्टोबर 2009 ला जयपूरजवळ सीतापुऱ्याच्या टर्मिनलवर काय झालं ते या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. पेट्रोल गळलं, वाफेचा ढग आवारभर पसरला, स्फोट झाला, 11 माणसं गेली, टाक्या कित्येक दिवस जळत होत्या. नंतर या अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या एम. बी. लाल समितीने कारणं दिली, त्यात लेखी कार्यपद्धती नसणं होतं, लांबून गळती थांबवायची सोय नसणं होतं आणि धोक्याची पुरती समज नसणंही होतं. समज ही माणसात असते हो, ऑर्ग चार्टच्या, म्हणजे पदांच्या तक्त्याच्या चौकटीत नाही. ज्याला पंधरा वर्षांची समज आहे तो अनिश्चिततेला कंटाळून आधी राजीनामा देतो, कारण त्यालाच बाहेर नोकरी मिळते. आमच्याकडे तसे जायला लागलेत. त्यांच्या जागी कोण आलं? कुणीच नाही. भरती बंद आहे, विलीनीकरण होईपर्यंत.

कंत्राटी पोरांचं तर नावही कुणी घेत नाही. गेटवरचे, टँकर भरायच्या लोडिंग बेवरचे, मीटर रीडिंगचे. त्यांचं कंत्राट आता तीन-तीन महिन्यांनी वाढवतात. टाउन हॉलचं त्यांना आमंत्रणसुद्धा नसतं, शेवटी आमच्याकडेच येऊन विचारतात, ‘साहेब, आमचं काय ठरलं?’ काय सांगायचं त्यांना?

विभाग एक करायला माझा विरोध नाही. धंद्याला गरज असेल, करा. पण पदांची यादी नोटीस बोर्डावर लावा. ग्रेड कशी जुळवणार ते लेखी द्या. गाव बदलणार असेल तर शाळा सुरू व्हायच्या आधी सांगा. ज्याला जायचंय त्याला व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा आकडा सांगा, म्हणजे तो घरी बसून हिशोब तरी करेल. कंत्राटी माणसांची मुदत एक वर्षाची करा. आणि शिफ्टमधला एकही माणूस कमी करण्याआधी सेफ्टीवाल्याची सही घ्या, नावानिशी. यातल्या एकाही गोष्टीला कन्सल्टंट लागत नाही. पुढच्या टाउन हॉलला मी हे सगळं उभं राहून विचारणार आहे, आणि या वेळी तारीख मिळाल्याशिवाय खाली बसणार नाही.